वातघंटिका

वाऱ्याने हालून आपोआप नाद करणारे टांगते साधन. धातूच्या नळ्या किंवा कांड्या, लहान घंटा, बांबूचे तुकडे, काच, शिंपले इत्यादींपासून ते तयार करतात आणि दारात, सज्जात, बागेत किंवा देवालयाच्या वळचणीस टांगतात. व्यवहारात ते ‘विंड चाइम’ या इंग्रजी नावानेच अधिक परिचित आहे. संस्कृतात लहान घंटेस ‘किंकिणी’ आणि अशा घंटांच्या जाळीस ‘किंकिणीजाल’ म्हणतात. भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध व घन असे चार वर्ग केलेले आहेत. त्यांपैकी घन वर्गात हे साधन मोडते. वातवीणा हे वाऱ्यावर वाजणारे वाद्य याहून वेगळे आहे. आटानाझिउस किर्खर (१६०२–८०) याने १६५० मध्ये वर्णन केलेल्या वातवीणेत तारांवरून वाहणारा वाराच तारांना कंपित करतो. वातघंटिकेत वारा फक्त हालचाल घडवून आणतो, नाद उत्पन्न होतो तो आघाताने.

इतर वाद्यांहून वातघंटिकेचे वेगळेपण असे, की तिला वादक नसतो. कोणते स्वर निघावेत हे कारागीर ठरवितो. ते केव्हा, किती वेळा व कोणत्या क्रमाने निघावेत, हे वाऱ्यावर अवलंबून असते. देवळात शिरताना भाविक जी घंटा वाजवितो, तिच्या नादामागे त्याचा हेतू असतो. वातघंटिकेच्या नादामागे असा हेतू नसतो आणि म्हणूनच त्यास अर्थ देण्याचे काम ऐकणाऱ्याकडे येते. देववाणी, दृष्टनिवारण, धर्मस्मरण, वाऱ्याची वर्दी, उन्हाळ्यातील गारवा, निव्वळ करमणूक आणि शेजाऱ्याचा उपद्रव असे परस्परांहून अगदी भिन्न अर्थ या एकाच नादास निरनिराळ्या समाजांत प्राप्त झाले. वातघंटिकेचा इतिहास हा मुख्यतः या अर्थांचा इतिहास आहे.

रचना : वातघंटिकेचे साधारणपणे चार भाग असतात : (१) वरचे कडे किंवा चकती, (२) तिला दोऱ्यांनी टांगलेले नादक—म्हणजे नळ्या, कांड्या किंवा तुकडे, (३) मध्यभागी लोंबणारा लोलक आणि (४) लोलकाच्या खाली बांधलेले पाते. पात्याचा पृष्ठभाग पसरट असल्याने ते वारा धरते व त्यासरशी लोलक नादकांवर आपटतो. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला, तर पात्यावरील जोर चौपट होतो. मंद झुळुकीत क्वचित किणकिणणारी वातघंटिका वादळी वाऱ्यात एकदम कर्कश होते, याचे हे कारण होय. शिंपल्यांच्या किंवा काचेच्या पट्ट्यांच्या वातघंटिकेत वेगळा लोलक नसतो. त्यांत पट्ट्याच एकमेकींवर आपटतात. घंटेच्या आकाराच्या प्रकारात लोलक घंटेच्या आत असतो व त्याचे पाते तेवढे खाली आलेले असते.

नादकासाठी निवडलेल्या पदार्थावर नादाचा गुण अवलंबून असतो. ॲल्युमिनियम, पोलाद, पितळ व कासे यांत कंपने दीर्घकाळ टिकतात. त्यामुळे नाद रेंगाळतो. बांबूत ती तत्काळ शमतात व नुसता पोकळ टणत्कार ऐकू येतो. लोलक कठीण असेल, तर आघाताचा काल अत्यल्प असल्याने तीव्र उपस्वर अधिक उठतात; लाकडी किंवा चामड्याने मढविलेल्या लोलकाने नाद मऊ होतो.

नादाची उपपत्ती : नळीच्या वातघंटिकेत आतील हवेचा वाटा अल्प असतो. नाद येतो तो मुख्यतः नळीच्या भिंती वाकून होणाऱ्या आडव्या कंपनांपासून. दोन्ही टोके मोकळी असलेल्या दांड्याच्या मूलस्वराची कंप्रता लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. उदा., बाहेरील व्यास २५ मिमी., जाडी १·५ मिमी. व लांबी ५० सेंमी. असलेल्या ॲल्युमिनियमच्या नळीचा मूलस्वर सु. ६०० हर्ट्‌झ येतो. त्याच्या वरच्या सप्तकातील स्वर हवा असेल, तर नळी निम्मी करावी लागत नाही, सु. ३५·४ सेंमी. लांबी पुरते. तारेच्या बाबतीत मात्र लांबी निम्मी केल्यावर वरच्या सप्तकातील स्वर मिळतो.

अशा नळीच्या मूलकंपनात टोके व मध्य सर्वाधिक हालतात आणि प्रत्येक टोकापासून लांबीच्या सु. २२·४ टक्के अंतरावरील बिंदू स्थिर राहतात. नळी या बिंदूपाशी भोक पाडून टांगली, तर दोरीमुळे कंपन दडपले जात नाही. वरील ५० सेंमी. नळीसाठी हे अंतर सु. ११·२ सेंमी. येते. टोकाशीच टांगलेली नळी बहुधा निर्जीव वाजते ती यामुळेच. मूलस्वर उठविण्यासाठी लोलकाचा आघात नळीच्या मध्यावर होणे इष्ट असते.

तारेचे उपस्वर मूलस्वराच्या १, २, ३, ४ अशा पूर्णांक पटींत असतात. नळीचे उपस्वर मात्र १ : २·७६ : ५·४० : ८·९३ अशा विषम प्रमाणात असतात व त्यांमुळे तिचा नाद गायनातील स्वराहून घंटेच्या नादास जवळचा वाटतो. लांब नळ्यांत आणखी एक चमत्कार आढळतो. त्यांच्या चौथ्या, पाचव्या व सहाव्या कंपनप्रकारांच्या कंप्रता ८१ : १२१ : १६९, म्हणजे जवळजवळ २ : ३ : ४ या प्रमाणात असतात. यावरून ऐकणाऱ्याचे श्रवणतंत्र त्यांच्या खालचा, १ या प्रमाणातील स्वर कल्पिते व तोच नळीचा स्वर म्हणून ऐकू येतो. प्रत्यक्षात त्या कंप्रतेचे कंपन नळीत असेलच असे नाही.

नळ्या कोणत्याही क्रमाने व एकाच वेळी वाजू शकत असल्याने कोणतेही दोन स्वर एकत्र आले, तरी ते कानास खटकू नयेत, अशी स्वरांची निवड करावी लागते. याकरिता पाच स्वरांची सप्तके सोयीची ठरतात. भूप रागातील षड्ज, ऋषभ, गांधार, पंचम व धैवत या स्वरांत एकमेकांपासून अर्ध्या स्वराच्या अंतरावर असलेली जोडी येत नाही. त्यामुळे हे स्वर कसेही मिसळले, तरी रंजकता फारशी बिघडत नाही.

ग्रीस व रोम : वायव्य ग्रीसमधील दोदोना येथे झ्यूस देवाचे प्रश्नस्थान होते. तेथील काशाच्या पात्रांच्या नादाची प्राचीन काळी मोठी ख्याती होती. कॉर्सायरा (सध्याचे कॉर्फ्यू) येथील लोकांनी या देवस्थानास अर्पण केलेल्या एका वस्तूचे वर्णन स्ट्रेबो या भूगोलज्ञाने केले आहे. तीत काशाच्या पात्रावर हातात चाबूक घेतलेली मूर्ती होती. चाबकाच्या साखळ्यांना हाडाचे मणी लोंबत असत व वाऱ्याने ते पात्रावर आपटत. एका आघाताचा नाद विरेपर्यंत चारशे अंक मोजता येत, असे तो सांगतो. पुढे न थांबता बडबडणाऱ्या माणसास ‘दोदोनाचे कासे’ म्हणण्याचा प्रघात ग्रीक भाषेत पडला. एकाच नादाचे देववाणी व वटवट असे दोन अर्थ येथे शेजारीशेजारी नांदताना दिसतात.

थोरला प्लिनी (इ. स. २३–७९) याने व्हॅरोच्या आधारे एट्रुस्कन राजा लार्स पोर्सेना याच्या क्लूझियम येथील थडग्याचे वर्णन दिले आहे. थडग्यावरील मनोऱ्यांच्या माथ्यास साखळ्यांनी घंटा टांगल्या होत्या व वाऱ्याने होणारा त्यांचा नाद दूरवर ऐकू जाई, असे त्यात म्हटले आहे. या थडग्याचा निश्चित ठावठिकाणा लागलेला नाही. प्लिनीलाही ते वर्णन अतिरंजित वाटले होते. तथापि वाऱ्यावर वाजणाऱ्या घंटा त्याच्या वाचकांना अपरिचित नव्हत्या. इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हिअसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई व हर्क्युलेनियम या नगरांत लहान घंटा टांगलेल्या काशाच्या आकृती सापडल्या आहेत. त्यांस ‘टिंटिनाबुलुम’ म्हणत. त्यांपैकी कित्येक लिंगाकृती असून घराला किंवा दुकानाला दृष्ट लागू नये व अशुभ दूर राहावे, म्हणून त्या दारात टांगीत. नेपल्सच्या पुरातत्त्वीय संग्रहालयात त्यांचे नमुने पाहावयास मिळतात.

भारत : भारतीय साहित्यात वाऱ्याने वाजणाऱ्या घंटांचे उल्लेख विपुल आहेत. रामायणातील पुष्पक विमान घंटांच्या जाळ्यांनी वेढलेले असल्याचे वर्णन आहे. बौद्ध वाङ्‌मयातील दोन उल्लेख विशेष महत्त्वाचे आहेत. दीघनिकायातील ‘महासुदस्सनसुत्ता’त महासुदस्सन राजाच्या धम्म नावाच्या प्रासादाभोवती किंकिणींची दोन जाळी असल्याचे सांगितले आहे : सोन्याच्या जाळीस चांदीच्या घंटा व चांदीच्या जाळीस सोन्याच्या. वाऱ्याने हालल्यावर त्यांचा नाद कुशल वादकांनी वाजविलेल्या वाद्यमेळासारखा मोहक व मादक होई आणि नगरातील जुगारी व मद्यपी त्या नादावर मौज करीत. याउलट ‘सुखावतीव्यूह’ या महायानसूत्राच्या लहान पाठात अमिताभ बुद्धाच्या लोकातील तालवृक्षांच्या रांगा व किंकिणीजाले वाऱ्याने नादतात आणि तो नाद ऐकणाऱ्यांच्या मनात बुद्ध, धर्म व संघ यांचे स्मरण जागे होते. या सूत्राचे चिनी भाषांतर कुमारजीवाने इ. स. ४०२ च्या सुमारास केले. नाद तोच, मद्यप्याला त्याने रंग चढतो आणि साधकाला बोध होतो.

बौद्ध वास्तूंवर अशा घंटा प्रत्यक्षात बसवीत असत, याची साक्ष परदेशी प्रवाशांच्या वृत्तांतांतून मिळते. सहाव्या शतकाच्या आरंभी गांधारात आलेल्या सुंग युन या चिनी प्रवाशाच्या वृत्तांतात पेशावरजवळील कनिष्काच्या स्तूपाचे वर्णन आहे. पहाटेच्या उन्हात त्याच्या सुवर्णचकत्या तळपत व मंद वारा सुटताच घंटा एकसुरात वाजू लागत, असे त्यात नमूद केले आहे. मध्य प्रदेशातील भारहूत येथील स्तूपाच्या कठड्याच्या माथ्यावरील शिल्पपट्टीत घंटांची सलग ओळ कोरलेली आहे. ॲलेक्झांडर कनिंगहॅम (१८१४–९३) याने हे अवशेष उजेडात आणले व ते कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात ठेवलेले आहेत.

पूर्व आशिया व शेजारचे देश : बौद्ध धर्माबरोबर घंटा टांगण्याची प्रथा स्तूपावरून पॅगोड्यावर गेली. चीनमध्ये लोयांग येथे इ. स. ५१६ मध्ये उभारलेल्या युंगनिंग विहाराच्या नऊमजली पॅगोड्यास शंभराहून अधिक घंटा होत्या. वाऱ्याच्या रात्री त्यांचा नाद दहा ली अंतरापलीकडे ऐकू येई, असे यांग श्वेन-जृ याने लिहिले आहे. हा पॅगोडा ५३४ मध्ये जळाला आणि पुढे ती राजधानीही उजाड झाली. उद्ध्वस्त नगर पाहून यांगने ५४७ च्या सुमारास आपला ग्रंथ लिहिला. त्यामुळे हे वर्णन नाहीशा झालेल्या नादाचे स्मरणही आहे. चीनमध्ये याच साधनाचा लौकिक उपयोगही झाला. थांग वंशातील एका राजपुत्राने वेळूच्या बनात जेड रत्नाचे तुकडे टांगले होते व रात्री त्यांच्या किणकिणीवरून त्यास वारा सुटल्याचे समजे, अशी नोंद दहाव्या शतकातील एका संग्रहात आहे.

नेपाळमधील देवळांच्या उतरत्या छपरांच्या कडांना लहान घंटांच्या ओळी असतात. त्यांच्या लोलकास पिंपळपानाच्या आकाराचे धातूचे पाते जोडलेले असते. म्यानमारमध्ये पॅगोड्याच्या शिखरावरील छत्रास (ह्‌ती) अशाच घंटा लावतात. यांगोनच्या श्वेडगोन पॅगोड्यास मिंडोन राजाने १८७१ मध्ये अर्पण केलेल्या छत्रास सोन्याचांदीच्या घंटा होत्या. १९९९ मध्ये तेथे नवे छत्र बसविण्यात आले.

जपानमध्ये ही प्रथा बौद्ध धर्माबरोबर पोहोचली. मंदिरांच्या छपरांच्या कोपऱ्यांना टांगलेल्या काशाच्या घंटांस ‘फूताकू’ म्हणतात; त्यांचा नाद पोहोचेल तेथवर अरिष्ट येत नाही, अशी समजूत होती. पुढे तिचे लहान घरगुती रूप ‘फूरिन’ प्रचारात आले. एदो (सध्याचे टोकिओ) येथे काचेचे फूरिन होऊ लागले. वितळलेली काच साच्याशिवाय फुंकून ते घडवितात, नक्षी आतून रंगवितात आणि कड मुद्दाम घासून गुळगुळीत करीत नाहीत; तीवर लोलक घासला गेल्याने नादास किंचित खरखरीत गोडी येते. पात्याच्या जागी कागदाची पट्टी (तांझाकू) असते. फूरिन विकणारे फेरीवाले आरोळी देत नसत. त्यांच्या मालाचा नाद हीच त्यांची आरोळी असे. इवाते प्रांतातील बिडाचे ‘नाम्बू फूरिन’ही प्रसिद्ध आहेत. तेथील मिझुसावा रेल्वेस्थानकावर उन्हाळ्यात टांगल्या जाणाऱ्या फूरिनांच्या नादाची जपानच्या पर्यावरण संस्थेने १९९६ मध्ये जाहीर केलेल्या, जतन करण्याजोग्या शंभर नादपरिसरांच्या यादीत निवड झाली. हिमेजी येथील म्योचिन हे चिलखते घडविणारे घराणे. चिलखतांची गरज संपल्यावर ते शेगडीतील निखारे उचलण्याच्या लोखंडी काड्या घडवू लागले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेगड्याही मागे पडल्यावर त्याच काड्यांचे फूरिन बनवू लागले. फूरिनच्या नादाने उन्हाळ्यात गार वाटते, असे जपानी लोक मानतात. नादाने हवेचे तापमान उतरत नाही. परंतु नाद झाला म्हणजे वारा सुटला, हे साहचर्य बालपणापासून मनावर ठसलेले असते.

आधुनिक काळ व उपयोग : पक्ष्यांना पिकापासून दूर ठेवण्यासाठी वाऱ्यावर चालणारी खुळखुळी अनेक देशांत वापरतात. स्लोव्हेनियातील द्राक्षमळ्यांत ‘क्लोपोतेत्स’ नावाचे लाकडी पवनचक्र उभारतात. त्याचे हातोडे फळीवर आपटत राहतात. परंपरेने ते २५ जुलैच्या सुमारास उभारून नोव्हेंबरात उतरवितात. फिलिपीन्समध्ये कापिस नावाच्या पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्यांच्या वातघंटिका मोठ्या प्रमाणावर तयार होतात. याच जातीचे शिंपले गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी बसविलेले आढळतात.

अमेरिकेत विसाव्या शतकात वातघंटिकेस कलावस्तूचे व उद्योगाचे स्वरूप आले. इटलीत जन्मलेला वास्तुशिल्पज्ञ पाओलो सोलेरी (१९१९–२०१३) याने ॲरिझोनाच्या वाळवंटात मातीच्या साच्यांत काशाच्या व चिनी मातीच्या वातघंटा घडविल्या. १९७० पासून उभारल्या गेलेल्या आर्कोसांती या प्रायोगिक नगरास त्यांच्या विक्रीचा मोठा आधार होता. तालवाद्यवादक गॅरी क्विस्टॅड याने प्राचीन ग्रीकांच्या ऑलिंपोस या पंचस्वरी सप्तकात ॲल्युमिनियमच्या नळ्या जुळविल्या व १९७९ मध्ये त्यांचा व्यवसाय सुरू केला. नेमक्या स्वरांत जुळविलेल्या वातघंटिकांचा प्रसार त्यानंतर वाढला. वाद्यवृंदातही हे साधन शिरले. मात्र तेथे वाऱ्याची जागा वादकाच्या हाताने घेतली. मार्क स्टीव्हन्झ या वादकाने १९६७ मध्ये रूढ केलेल्या ‘मार्क ट्री’ या वाद्यात उतरत्या लांबीच्या अनेक कांड्या एका ओळीत टांगलेल्या असतात व त्यांवरून हात फिरविताच स्वरांची लड उलगडते. भारतीय चित्रपटसंगीतातही ते वारंवार ऐकू येते. अंध व्यक्तींना दाराची किंवा बागेतील वाटेची दिशा ओळखण्यासाठी ठराविक जागी टांगलेली वातघंटिका खुणेसारखी उपयोगी पडते.

समजुती व आक्षेप : विसाव्या शतकाच्या अखेरीपासून भारतातील शहरांत वातघंटिकेचा प्रसार झाला, त्यामागे चिनी फेंगशुईचे व तिच्या जोडीने वास्तुशास्त्राचे आकर्षण हे एक प्रमुख कारण होते. नळ्यांची संख्या, धातू व टांगण्याची दिशा यांवर घरातील सुखसमृद्धी अवलंबून असते, असे सांगण्यात येते. त्यास कोणताही शास्त्रीय आधार नाही. दारातील रोमन घंटेमागील भावनेचेच हे नवे रूप म्हणता येईल.

दाट वस्तीत मात्र एकाची करमणूक दुसऱ्याला त्रासदायक होऊ शकते. भारतातील ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ठरविण्यात आली आहे. लहान वातघंटिकेमुळे ती ओलांडली जाईलच असे नाही. तिचा उपद्रव मोठेपणापेक्षा अनियमितपणात असतो. पंख्याच्या अखंड घरघरीची कानास सवय होते; केव्हाही येणाऱ्या किणकिणीची होत नाही. डेव्हिड ग्लास व जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की पूर्वकल्पना न येणाऱ्या आवाजाचा मनावर होणारा दुष्परिणाम नियमित आवाजाहून अधिक असतो. परंतु आवाज बंद करण्याची कळ हाताशी असली, तर ती न दाबताही हा परिणाम घटतो. वातघंटिकेच्या मालकाच्या हाती अशी कळ असते, शेजाऱ्याच्या नसते. अपरात्री झोप न येणाऱ्या आजाऱ्याला किंवा तान्ह्या मुलाच्या आईला तोच नाद असह्य होतो, याचा उलगडा यावरून होतो. रात्री पाते काढून ठेवणे, लोलक बांधून ठेवणे, वातघंटिका सज्जाऐवजी घरात टांगणे किंवा धातूऐवजी बांबूची वापरणे, हे त्यावरील सोपे उपाय होत. वारा कोणाच्याही स्वाधीन नसला, तरी दोरी टांगणाऱ्याच्याच हाती असते.